सूर्य, तीन ग्रह आणि एक मऊ पिन

आवाज आधी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कळला. मी खालच्या वावरात ट्रॅक्टरमागे माती फोडणारा रोटाव्हेटर मारत होतो आणि ते बांधावरच्या बाभळीखाली बसले होते. फेरा संपवून वळलो तर त्यांनी हात वर केलेला. जवळ जाऊन थांबलो. म्हणाले, "लोला रडतोय तो. हायला टाकून चालव बरं जरा." मी रोटाव्हेटर उचलला, कमी वेगाच्या लोवरून जास्त वेगाच्या हायला टाकून पन्नासेक पावलं गेलो आणि परत आलो. "आता नाही रडत," एवढं बोलून ते उठले आणि घराकडे चालू लागले. मला दोन्ही वेळा फक्त इंजिनाची धडधड ऐकू आली होती.

ही २०२३ च्या सप्टेंबरअखेरची गोष्ट. रांगड्या कांद्याचं रोप वाफ्यात वाढत होतं आणि लागवडीसाठी दोन एकर जमीन तयार करायची होती. ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन १०३५, नानांनी १९९४ साली घेतलेला. आमचं गाव निफाड तालुक्यात, कादवेच्या काठाला. मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. दिवसभर मायक्रोमीटर आणि गेज हातात असतात, पण ट्रॅक्टरचं पोट कधी उघडलेलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी गावी यायचं आणि सोमवारी पहाटे परत जायचं, असा माझा शिरस्ता.

चार दिवसांनी नानांचा फोन आला. रोटाव्हेटर जमिनीत असताना लोचा गिअर आपोआप सुटला. परत टाकला तर आत कडाडलं. मग त्यांनी पुढे काही केलं नाही. हायला टाकून, रोटाव्हेटर उचलून, हळूहळू ट्रॅक्टर घरी आणला आणि चिंचेखाली उभा केला. पुढचं सगळं जमलं ते त्यांनी वेळेवर हात आखडता घेतला म्हणून. "एवढा तुकडा संपवू आणि मग बघू" असं केलं असतं तर आतलं लोखंड लोखंडाने खाऊन टाकलं असतं.

एका गॅरेजवाल्याला दाखवलं. त्याने दांडी दोनदा हलवली आणि सांगितलं, पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागेल, इंजिनापासूनही सोडावा लागेल, सगळ्या बेअरिंगा, जमलं तर क्लचप्लेटही. आकडा ७० हजारांच्या घरातला. वर म्हणाला, त्यापेक्षा विकून टाका. नाना काही बोलले नाहीत. त्या रात्री ते जेवले पण कमी. माझ्या दोन बहिणींची लग्नं, विहिरीचं खोदकाम, माझं डिप्लोमाचं शिक्षण, हे सगळं ज्या कांद्यावर झालं तो कांदा याच ट्रॅक्टरने लासलगाव आणि पिंपळगावच्या मार्केटला नेलेला आहे. मलाही तो विकायचा नव्हता.

पिंपळगावकडचे एक मिस्तरी आहेत. वय सत्तरीच्या पुढे, हल्ली दुकानात मुलगा बसतो, पण मॅसी म्हटलं की ते स्वतः उठतात. त्यांनी आल्या आल्या पाना काढला नाही. नानांशेजारी खाटेवर बसून चहा घेतला आणि विचारत राहिले. आवाज कधी येतो? क्लच दाबला की जातो का? न्यूट्रलला असताना येतो का? उतारावर कमी होतो का? मग मला म्हणाले, "भाऊ, चालू करा. न्यूट्रलला ठेवा अन् क्लचवरचा पाय काढा."

त्यांनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक गिअरबॉक्सच्या खोक्यावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. थोडा वेळ ऐकून मान हलवली आणि तो माझ्या हातात दिला. आत एकसारखी घरघर होती, कुठेही खाच नव्हती. मग हाय आणि पहिला टाकून अंगणात चार हात पुढे, चार हात मागे. तरी काही नाही. मग लो आणि पहिला, क्लच अगदी हळू सोडत. पाव चाक फिरलं असेल, आतून दाताखाली खडा आल्यासारखं झालं. मी लगेच क्लच दाबला.

"झालं," मिस्तरी म्हणाले. "बाकीचा डबा चांगलाय. दुखणं मागच्या प्लॅनेटरीत आहे."

हे त्यांनी कशावरून ओळखलं ते मी त्या दिवशी कागदावर काढून समजून घेतलं, आणि मला ते फार आवडलं. या ट्रॅक्टरला पुढचे सहा आणि मागचे दोन गिअर आहेत. पण मुख्य डब्यात पुढचे तीनच आणि एक रिव्हर्स. डब्याच्या मागच्या टोकाला दातांचा एक गोल संच आहे, तीच प्लॅनेटरी, त्याने त्या चारांचे आठ होतात. या संचाच्या मधोमध एक चाक असतं, ते सूर्य. त्याच्याभोवती तीन छोटी चाकं, ते ग्रह. आणि सगळ्यांना वेढणारी, आतून दात असलेली एक रिंग. रिंग जागची हलत नाही. सूर्य फिरला की ग्रह रिंगच्या आतून रांगत त्याच्याभोवती फिरतात, आणि ज्या चौकटीवर त्यांच्या पिना बसवलेल्या असतात ती चौकट त्यांच्याबरोबर सावकाश फिरते. सूर्याच्या ४ फेऱ्यांना चौकटीची १ फेरी. वेग चौथाई आणि ताकद चौपट, तो लो. हायला टाकलं की एक कप्लर सरकतो आणि शाफ्ट थेट मागे जोडला जातो. ग्रहांवर भार राहत नाही.

फर्ग्युसनच्या त्याआधीच्या, छोट्या करड्या ट्रॅक्टरला चारच गिअर होते. ही सूर्य-ग्रहांची जोड १९५० च्या दशकात फर्ग्युसन ३५ बरोबर आली, आणि १९६० साली चेन्नईत सुरू झालेल्या टॅफे या ट्रॅक्टर कंपनीने ती आपल्याकडच्या शेतांत आणली. रोटाव्हेटर किंवा खोल नांगरट याच लोवर चालते.

आता मिस्तरींचं गणित सोपं होतं. न्यूट्रलला, क्लच सोडलेला असताना वरचा शाफ्ट आणि खालचा शाफ्ट फिरतातच. तेव्हा आवाज नाही, म्हणजे त्यांच्या बेअरिंगा ठीक. हायला भार मुख्य डब्यातून आणि मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलमधून जातो. तिथेही आवाज नाही, म्हणजे तेही ठीक. फक्त लोला येणारं जे काही आहे ते त्या गोल संचातच. आणि तो संच डब्याच्या मागच्या बाजूने बाहेर येतो. म्हणजे इंजिनाच्या बाजूला हात लावायची गरजच नव्हती. पानाही न उचलता निम्मं काम वाचलं.

नंतर त्यांनी ऑइलची पट्टी ओढली आणि ती मला न दाखवता नानांना दाखवली. पट्टीवर दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं काहीतरी होतं.

"पाणी," नाना म्हणाले.

आदल्या वर्षीचा, २०२२ चा पावसाळा निम्मा ऑक्टोबर उलटला तरी हटत नव्हता. शेडचे दोन पत्रे वाऱ्याने उडाले होते आणि ट्रॅक्टर कित्येक आठवडे उघड्यावर भिजला होता. गिअरच्या दांडीच्या मुळाशी एक रबरी टोपी असते. ती आमची तडकलेली होती. पाऊस दांडीवरून ओघळायचा आणि तडीतून थेट डब्यात जायचा. ती तड मी पाहिली होती. एकदा त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती आणि पुढच्या रविवारी नवी टोपी आणू असं म्हणालो होतो. तो रविवार आला नाही. हे लिहितानाही मला त्याचं वाईट वाटतं.

मिस्तरी म्हणाले, ऑइल आज काढू नका. आठ दिवस ट्रॅक्टर हलवू नका, सुरूही करू नका. पाणी ऑइलपेक्षा जड, ते खाली बसू द्या. पुढच्या शनिवारी रात्री बॅटरी धरून बूच सोडलं. आधी भरायचं तोंड उघडतं का ते बघून घेतलं, कारण ते गंजून बसलेलं असलं तर ऑइल काढून ट्रॅक्टर अडकून राहतो. खालून पहिल्यांदा आलं ते गढूळ पाणी, जवळजवळ तांब्याभर. मग दुधी ऑइल, आणि शेवटी बऱ्यापैकी काळं. मॅसीत गिअर, मागचा धुरा आणि अवजार उचलणारी लिफ्ट यांचं ऑइल एकच असतं. ३० लिटरच्या वर निघालं. आईची एक जुनी सुती साडी दोन पदरी करून त्यातून ते सगळं गाळलं, आणि खाली उरलेल्या गाळातून लोहचुंबक फिरवलं.

चुंबकाला आधी काळी मऊ पेस्ट चिकटली. ती जुन्या गिअरबॉक्समध्ये असायचीच. तिच्यात दोन-तीन चमकत्या कपच्या होत्या. आणि एक सुई. शिवायची नव्हे, पेन्सिलच्या शिशासारखी गोल, गुळगुळीत, एका बाजूचं टोक सरळ कापल्यासारखं आणि दुसरीकडे तुटलेली. ग्रहाचं चाक पिनेवर ज्या बारीक रोलरांवर फिरतं त्यातला हा एक. दुसऱ्या दिवशी मिस्तरींना दाखवली तर त्यांनी ती डिझेलमध्ये धुतली, खिशातल्या रुमालात बांधली आणि म्हणाले, "हिच्या बहिणी आत हायेत. सगळ्या मोजून काढायच्या."

तो दिवस घटस्थापनेचा, १५ ऑक्टोबरचा रविवार. घरात घट बसले आणि अंगणात ट्रॅक्टर मधून सोडायचं काम सुरू झालं.

बाहेरच्या माणसाला वाटतं ट्रॅक्टरला चेसिस असेल आणि त्यावर सगळं ठेवलेलं असेल. तसं नसतं. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा धुरा एकमेकांना बोल्टांनी आवळलेले असतात आणि तोच त्याचा कणा. मधला बोल्ट सोडला की कणा मोडतो. म्हणून सोडण्याआधी आधार द्यायचे. पुढचा धुरा मधल्या खिळीवर डोलतो, त्यामुळे पुढचा भाग मोकळा होताच एका अंगाला कलंडू शकतो. मिस्तरींनी बाभळीच्या दोन पाचरी तासून घेतल्या आणि धुरा आणि त्याच्या वरची चौकट यांच्यामध्ये दोन्हीकडून ठोकून बसवल्या. गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळ्यांची चवड लावली. मागच्या भागाच्या नाकाखाली चाकांचा जॅक. सगळं झाल्यावर त्यांनी मला बाजूला केलं आणि एकेक ठोकळा लाथेने हलवून पाहिला. एक हलला. तो काढून दुसरा घातला. त्यांच्या उमेदीत एका ट्रॅक्टरखाली काय झालं होतं ते त्यांनी तेव्हा सांगितलं, मी ते इथे लिहीत नाही. पण एवढं सांगतो की नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी हात आत घालू नये.

पायठाणं, ब्रेकच्या सळया, मागच्या दिव्याची वायर, सगळं सुटं केलं. पीटीओचा, म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणारा, शाफ्ट मागून थोडा बाहेर ओढून ठेवला. मग बोल्ट. दोन बोल्टांना गंजाने इतकं धरलं होतं की डिझेल सोडून, हातोडीने डोक्यावर ठोकून, पुन्हा डिझेल सोडून दीड तास गेला. शेवटी चुलतभाऊ आणि मी दोन्ही चाकांना लागलो आणि मागचा भाग एकेक बोट मागे सरकवत नेला. सांध्यातून उरलंसुरलं ऑइल ठिबकलं. दीड-दोन फूट फट पडली तेव्हा नानांनी खुर्ची जवळ ओढली. तीस वर्षांत त्यांनीही तो आतून पाहिला नव्हता.

गोल संच बाहेर काढून पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवला. सूर्याचे दात शाबूत. रिंगला एका जागी दोन दातांच्या कडा चेमटलेल्या, पण तडा नाही. तीन ग्रहांपैकी दोन पिनेवर नीट फिरत होते. तिसरा हाताने हलवला की डुगडुगत होता, आणि पिन ओढली तशा त्याच्या सुया ट्रेमध्ये सांडल्या. अख्ख्या कमी, तुकडे जास्त. मिस्तरींनी तिन्ही ग्रहांच्या सुया तीन वाट्यांत धुतल्या आणि मोजल्या. दोन वाट्यांत सारख्या. तिसरीत तुकडे जुळवूनही चार कमी, त्यांतली एक त्यांच्या रुमालात होती. बाकीच्या तीन शोधल्याशिवाय ते पुढे जाईनात. दोन मधल्या घराच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या भागातल्या ऑइलच्या खोक्याच्या, तळात गाळाखाली मिळाल्या. तिसरी लिफ्टच्या पंपाच्या जाळीला चिकटलेली होती. ती जाळी फाटली असती तर पंपही गेला असता.

सुया गोळा झाल्यावर मी पिना हातात घेतल्या, आणि इथे पहिल्यांदा माझ्या कारखान्यातल्या कामाचा उपयोग झाला. दोन पिनांचा रंग करडा-निळसर, टोकाची कड बारीक तिरकी तासलेली (चाम्फर), अंग आरशासारखं. तिसरी पांढुरकी, टोकावर लेथच्या हत्याराच्या गोल रेघा अजून दिसत होत्या. तिच्या अंगावर सुयांनी नखात अडकतील अशा उभ्या खाचा पाडल्या होत्या. ही पिन बाकीच्यांच्या घरातली नव्हती.

नानांना आठवलं. २००९ साली लोचा असाच काही त्रास झाला होता आणि ट्रॅक्टर चार दिवस एका गॅरेजात होता. "पिन नवी टाकली म्हणाला होता," नाना म्हणाले. "दिसायला तर चांगली दिसत होती."

सोमवारी तिन्ही पिना घेऊन कामावर गेलो. साहेबांना विचारून जेवणाच्या सुट्टीत रॉकवेल यंत्रावर लावल्या. त्यात हिऱ्याचं टोक १५० किलोच्या भाराने धातूत दाबतात आणि खड्डा किती खोल गेला त्यावरून कडकपणा कळतो. खड्डा पडतो म्हणून पिनेच्या टोकावर घ्यायचा, सुया फिरतात त्या अंगावर नाही. जुन्या दोन पिना ५९ आणि ६०. तिसरी २२. कोणीतरी साध्या सळईतून लेथवर मापाची पिन काढली होती, आणि माप इतकं बिनचूक होतं की त्या कारागिराच्या हाताचं कौतुकच करावं. पण तिला कडक केलंच नव्हतं. सुई बेअरिंगला वेगळी आतली कडी नसते. पिनेचं अंगच सुयांचा रस्ता असतं. रस्ता मऊ असला की सुया रुततात, मग तिरक्या होतात आणि मग तुटतात.

मी यावर बराच विचार केला. तेरा वर्षं ती पिन चालली, आणि मग एका वर्षात गेली. मला वाटतं मऊ पिन हळूहळू झिजत होती आणि पाण्याने तिचा शेवट जवळ आणला. पाणी मिसळलेल्या ऑइलचा थर दाबाखाली टिकत नाही आणि वर गंज चढतो. चांगल्या दोन पिनांवरही गंजाचे टिपके उठायला लागलेच होते. एकट्या पिनेवर दोष टाकून मी माझ्या त्या रविवारातून सुटत नाही.

पिना, सुया, दोन्हीकडचे थ्रस्ट वॉशर, पॅकिंग आणि सील नाशिकला द्वारकेजवळच्या दुकानात मिळाले. पण चौकटीचं अडलं. मऊ पिन डुगडुगत राहिल्याने चौकटीतलं तिचं भोक लांबट झालं होतं. भोक मापणाऱ्या बोअर गेजने एका दिशेने आणि काटकोनात मापलं, फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या जवळ, ०.०८ मिलिमीटर. ऐकायला केसाएवढं, पण नव्या पिनेनेही तिथे तोच खेळ केला असता. भोक धातूने भरून पुन्हा मापाचं कापण्याचा विचार केला आणि सोडला. तीन भोकं मध्यापासून सारख्याच अंतरावर राहायला हवीत, नाहीतर सगळा भार एकाच ग्रहावर येतो. मिस्तरींनी मालेगावचा रस्ता दाखवला. तिथे जुन्या ट्रॅक्टरांचे सुटे भाग विकणाऱ्या एका चाचांकडे भंगारात निघालेल्या मॅसीची चौकट मिळाली. मी गेज बरोबर नेलं होतं. त्यांनी चार चौकटी समोर मांडल्या आणि मी मापत असताना शांतपणे बघत राहिले. चौथी जमली. पैसे देताना म्हणाले, "असं मापून नेणारं गिऱ्हाईक आवडतं. परत येत नाही भांडायला."

दसरा आला तो मंगळवार, २४ तारीख. ट्रॅक्टर दोन तुकड्यांत. आमच्याकडे दसऱ्याला ट्रॅक्टर धुऊन त्याची पूजा करतात, झेंडूची माळ घालतात. आईने विचारलं, माळ कुठे घालू? नाना म्हणाले, दोन्हीकडे. मग पुढच्या भागाला बॉनेटवर एक माळ आणि मागच्या भागाला सीटवर एक. ट्रेमध्ये धुऊन पुसून ठेवलेल्या सूर्यालाही आईने हळदकुंकू वाहिलं. नानांनी आपट्याचं पान मिस्तरींना दिलं आणि त्यांना वाकून नमस्कार केला. मिस्तरी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत.

जुळवणी २९ तारखेला सुरू केली. ग्रहाच्या भोकात ग्रीसचा थर द्यायचा आणि त्यात एकेक सुई उभी चिकटवत जायचं. शेवटची सुई आत जाताना जरा अडते आणि मग सगळं वर्तुळ एकमेकांना धरून राहतं. दाटीवाटीनेच त्या उभ्या राहतात. एक कमी पडली तर बाकीच्यांना तिरकं व्हायला जागा मिळते. मी भरल्या, मिस्तरींनी मोजल्या. माझ्या दुसऱ्या ग्रहात एक कमी निघाली. माझ्या हिशेबात बरोबर होती. ती माझ्या तळहाताच्या ग्रीसमध्ये होती.

डबा उघडाच असल्याने वरचं झाकण काढून मुख्य गिअरही पाहून घेतले. दुसऱ्या गिअरच्या दातांच्या तोंडाला थोडी गोलाई आलेली होती. मिस्तरी म्हणाले, गिअर आपोआप सुटत नाही तोवर हात लावायचा नाही. गिअर निवडणाऱ्या सळयांखालच्या गोळ्या आणि स्प्रिंगा मात्र बदलल्या. त्या स्वस्त होत्या आणि त्यांच्यापर्यंत परत यायचं म्हणजे पुन्हा सगळं सोडणं आलं. मधलं घर डिझेलने तीनदा धुतलं. तळापासून चार बोटांवर आतून गंजाची आडवी रेघ उमटली होती. पाणी साचून राहायचं त्याची ती खूण.

५ नोव्हेंबरला दोन्ही भाग जुळवायला घेतले. मिस्तरींनी डब्याच्या तोंडाला दोन लांब स्टड समोरासमोर बसवले, म्हणजे मागचा भाग त्यांच्यावरून सरळ सरकत येईल. पॅकिंगला पातळ ग्रीस. हळूहळू ढकलत आणलं आणि एक बोट राहिलं तिथे अडलं. चुलतभावाने बोल्ट घालून आवळायला घेतले तसे मिस्तरी ओरडले. आवळून ओढला असता तर शाफ्टच्या खाचा एकमेकांवर चढल्या असत्या, किंवा बिडाचा कान तुटला असता. अडलंय म्हणजे आत काहीतरी जुळलेलं नाही, ताकद लावायची नसते. मागचं एक चाक जॅकवर उचललं. एकच चाक अधांतरी असलं की ते हाताने फिरवल्यावर डिफरन्शियलमुळे आतला पिनियन फिरतो. नाना उठले आणि ते चाक स्वतः फिरवू लागले, अगदी जात्याच्या खुंट्यासारखं, इंच इंच. मी पीटीओच्या टोकाला हात देऊन तो शाफ्ट आतबाहेर चाचपत होतो. चौथ्या की पाचव्या वेळी माझ्या हाताला तो गपकन आत गेल्याचं जाणवलं, आणि लगेच अख्खा मागचा भाग एका ढकलीत येऊन भिडला. फट राहिली नाही.

ऑइल पुस्तिकेत दिलेलंच भरलं, गिअर आणि हायड्रोलिक दोन्हीला चालणारं. कोणीतरी सुचवलं होतं की जुना ट्रॅक्टर आहे, गिअरचं जाड ऑइल टाका, आवाज दबेल. पण त्याच ऑइलवर लिफ्टचा पंप चालतो. सगळा खर्च १६ हजारांच्या आसपास गेला, त्यात ऑइलच सात-साडेसात हजारांचं. मिस्तरींनी मजुरी सांगितली त्यापेक्षा नानांनी जास्त दिली, ते यात धरलेलं नाही. दांडीची नवी रबरी टोपी ८० रुपयांची.

चालू केला तेव्हा नाना ओट्यावर जाऊन बसले, मुद्दाम लांब. न्यूट्रल, हाय, मग लो. मी क्लच सोडला आणि ट्रॅक्टर अंगणातून वावराकडे निघाला. रोटाव्हेटर टेकवला, लोचा दुसरा, काळी माती उलटायला लागली. पूर्ण फेरा मारून वळलो. नाना जागेवरून उठले नव्हते आणि त्यांनी हातही वर केला नव्हता. आणखी दोन फेरे मारले. मग त्यांनी नुसती मान हलवली, पुढे चालू दे अशी.

कांद्याची लागवड दिवाळीनंतर उरकली, आठवडाभर उशिराने. लागवड संपल्यावर ट्रॅक्टर पाच दिवस उभा ठेवून मी बूच जरासं सैल केलं आणि काचेच्या पेल्यात थोडं ऑइल घेतलं. उन्हात धरलं. पाणी नव्हतं. चुंबकाला नव्या भागांचा किंचित काळा थर लागला, चकाकी नव्हती.

२६ नोव्हेंबरच्या रविवारी अवकाळी आला, निफाड तालुक्यात गारांसकट. मी घरीच होतो. शेजारच्यांच्या द्राक्षबागा त्या एका दिवसात गेल्या, आमच्या रोपांच्या पाती झोडपून निघाल्या. गारा पत्र्यावर पडायला लागल्या तसे नाना आतून पोतं घेऊन बाहेर पडले. ट्रॅक्टर नव्या शेडखाली होता, पण वारा आडवा होता. मी मागे धावलो तोवर त्यांनी पोतं दांडीभोवती गुंडाळून सुतळीने बांधलं होतं, आणि खांद्यावर गारा झेलत ते गाठ पुन्हा तपासत होते.

सकाळी सहाला मी पट्टी ओढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, बोटाने पुसली, बोट नाकाशी नेलं आणि पट्टी परत आत सरकवली.